मागच्या भिंतीवर तीनदा

मृत्यूनंतर माणसाचं काय होतं, या प्रश्नाचं अखेरचं उत्तर आज मानवजातीला मिळणार आहे.

निदान ज्यांच्याकडे सत्तावीस फुटी सेकंडहँड मोटरहोम आहे, त्यांना तरी.

हे खरं घडलेलं आहे. मी तीस वर्षं नागपुरात विनोदी सदर लिहिलं. त्यात एक शब्द खरा नसायचा, आणि वाचकांचं म्हणणं असं की तो विनोदीही नसायचा. पण हे खरं आहे. तारीख ९ जून २००७, शनिवार. अमावस्या नव्हती. रात्र तर नव्हतीच. दुपारचे चार वाजले होते, आणि ऊन असं की भुतालाही टोपी लागली असती.

जागा मिनेसोटा. ईडन प्रेरीपासून तासाभरावर, मक्याच्या शेतांमधलं एकटं घर.

आधी थोडं माझ्याबद्दल. जानेवारीत माझी बायको शैलजा गेली. मे महिन्यात मुलाने, शंतनूने, मला सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, ईडन प्रेरीला, आणलं. सून हिमानी आणि आठ वर्षांची नात नैना. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे.

मला दुःख होत नव्हतं.

काहीच होत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसा मी अख्खाच मला माझा वाटत नव्हतो. शंतनूने मोठा मॉल दाखवला. मी म्हणालो, "मोठा आहे." तळं दाखवलं. मी म्हणालो, "ओलं आहे."

मग शंतनूने ठरवलं की यंदाच्या समरला मोटरहोम घ्यायचं. म्हणजे चाकांवरचं वन बीएचके. सगळ्यांनी मिळून हिंडायचं. बाबा बोलतील.

शंतनू सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. त्यामुळे त्याने एक्सेलमध्ये चौऱ्याऐंशी मुद्द्यांची यादी केली. छप्पर, टायर, जनरेटर, संडासची टाकी. पहिल्या गाडीला कुत्र्याचा वास होता. दुसरीला सिगारेटचा. दोन्ही नापास.

ही तिसरी.

हिला... वासच नव्हता.

जुन्या गाडीला काहीतरी वास असतोच. रबराचा, तेलाचा, कुणाच्या तरी डोक्याचा. मी पुढून मागेपर्यंत हुंगत गेलो. काही नाही.

मालक आर्नी नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी दार उघडून दिलं आणि ते हिरवळीवरच उभे राहिले. तासाभरात त्यांनी आत पाऊल टाकलं नाही.

मुद्दा क्रमांक ४७. भिंती.

"बाबा, ऐका," शंतनू म्हणाला. "या गाड्यांच्या भिंतीत पाणी गेलं की आतला प्लाय सडतो. मी बाहेरून नॉक करीन. तुम्ही आतून त्याच जागी एकदा नॉक करा, म्हणजे मला कळेल तुम्ही पोचलात. आवाज भद्द आला तर क्लिपबोर्डवर फुली मारा. जमेल?"

"मी एम.ए. आहे."

"म्हणूनच विचारतोय, बाबा."

हिमानी आणि नैना बाहेर झाडाखाली बसल्या. मी आत एकटा.

टक. मी उलट टक.

पुन्हा टक. मी टक.

स्वयंपाकाचा ओटा, जेवणाचं टेबल, संडास, असं करत मी सगळ्यात मागच्या खोलीत आलो. एक पलंग, एक छोटी खिडकी.

बाहेरून टक. आवाज जरा भद्द. मी फुली मारली आणि उलट एकदा वाजवलं.

आणि मग...

टक. टक. टक.

बाहेरून नाही. पलंगाच्या उशाकडून.

"बाबा, एकदाच हं!" बाहेरून शंतनूचा आवाज आला. "तीनदा नका वाजवू, माझा काउंट चुकतो!"

मी खिडकीतून पाहिलं. शंतनू भिंतीपाशी नव्हताच. तो शिडी लावून छपरावर चढत होता. दोन्ही हात शिडीला.

टक. टक. टक.

आता एक गोष्ट सांगायला हवी.

शैलजाला लकवा झाला होता. चौदा महिने अंथरुणावर. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. राहिला डावा हात. त्या हाताने ती खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवायची. एकदा म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे कूस बदला. तीनदा म्हणजे काही नको, नुसते या.

मी बाजूच्या खोलीतून भिंतीवर एकदा वाजवायचो. म्हणजे, आलो.

शेवटच्या सकाळीही तीनदाच वाजलं. मी उलट एकदा वाजवलं.

तीन म्हणजे काही नको. म्हणून मी आधी दाढी पूर्ण केली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शंतनूलाही नाही.

तर त्या वासाच्या अभावात मी उभा होतो. भीती वाटली नाही. मी वाट पाहिली, की आता वाटेल. नाहीच वाटली. फक्त गालाला कुठेतरी मुंग्या आल्या, इंजेक्शन उतरताना येतात तशा.

मी बाहेर आलो.

"मघाशी तीनदा तुम्हीच ना?" शंतनूने विचारलं.

"हो."

हे एक अक्षर लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

शंतनूने यादी पाहिली. "मागच्या भिंतीत पाणी गेलंय. फेल. चला, रिजेक्ट."

"हीच घेऊ," मी म्हणालो.

तिघंही माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा, भिंत सडकी आहे."

"मला आवडली. मागच्या खोलीत मी झोपीन."

हिमानी हळूच त्याला म्हणाली, "शंतनू, पाच महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलंय यार. भिंतीचं काय घेऊन बसलास!" तिचे डोळे भरले होते. मला अपराधी वाटायला हवं होतं.

शंतनूने भिंत स्वतः रिपेअर करायचं ठरवलं आणि गाडी घेतली. आर्नींनी चावी दिली.

"मागे कोण झोपणार?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मुलं?"

"एक नात आहे. ती पुढे, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बंकमध्ये."

आर्नी बंकच्या छोट्या खिडकीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ओके देन," आणि घरात गेले. दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही साऊथ डकोटाच्या डोंगरांकडे निघालो.

पहिल्या दिवशी मी मागच्या खोलीत आडवा झालो आणि भिंतीवर एकदा वाजवलं.

काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाजवलं. संध्याकाळी वाजवलं. कान लावून बसलो.

काही नाही. शंतनूने भिंत फारच चांगली रिपेअर केली होती.

तिसरी सकाळ. कॅम्पग्राऊंडवर लख्ख ऊन. हिमानी शेगडीवरचे पोहे वाढत होती. नैना बंकवरून खाली उतरली ती तोंड फुगवूनच.

"आजोबा, यू नॉक टू मच."

मी चमचा खाली ठेवला.

"मी?"

"रोज. आय कान्ट स्लीप."

"किती वेळा गं?"

"थ्री टाइम्स. मग थांबता. मग परत थ्री टाइम्स."

"कुठून येतो आवाज?"

तिने वर बोट दाखवलं. बंकची पुढची भिंत, तिच्या उशाची. ती भिंत काचेच्याही वर, जमिनीपासून आठ फुटांवर आहे. तिच्यापलीकडे काही नाही. हवा आहे.

"मग तू काय करतेस?" मी विचारलं.

"आय नॉक बॅक."

"किती वेळा?"

"वन्स." ती पोह्यांतले दाणे वेचत होती. "सो यू नो आय'म कमिंग."

हिमानी हसली. "तुमचा दोघांचा काय सीक्रेट गेम चाललाय, बाबा?"

मी हसलो नाही.

कारण हा खेळ या घरात कुणालाच माहीत नव्हता. आणि दुसरं म्हणजे, शैलजा मला बोलावेल. कितीही बोलावेल, तिचा हक्क आहे. पण नैनाला?

शैलजाने नैनाला 'ये' म्हटलं नसतं. मरण ज्या बाजूला आहे, त्या बाजूने तर नाहीच.

मग जी कोण वाजवत होती, ती...

मी गाडी घ्यायला लावली होती. 'हो' म्हणालो होतो.

त्याच सकाळी मी जाहीर केलं की मागच्या खोलीत मला उकडतं, मी बंकवर झोपणार, नैना मागे हिमानीजवळ झोपेल, आणि शंतनू टेबल मोडून होणाऱ्या पलंगावर.

"बाबा, पाच पायऱ्यांची शिडी आहे. तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात!"

"बहात्तर. पुढच्या महिन्यात."

"पडलात तर?"

"तर यादीत मुद्दा घाल. पंच्याऐंशी."

त्या दिवशी दुपारी सगळे ओढ्यावर गेले असताना मी बंकवर पडलो होतो.

टक. टक. टक.

"शैलजा?" मी विचारलं.

थोडा वेळ काही नाही.

मग... टक. टक. टक.

त्यात हो नव्हतं, नाही नव्हतं. माझा हात आपोआप भिंतीकडे गेला. मी तो पोटाखाली दाबून धरला, आणि सगळे परत येईपर्यंत तसाच पडून राहिलो.

घरी आल्यावर मी शंतनूला सगळं सांगितलं. दाढीसकट.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला. दुसऱ्या दिवसापासून रेकॉर्डर घेऊन दोन दुपारी बंकवर झोपला. एकही टक आली नाही. त्याने त्याच्या एक्सेलमध्ये लिहिलं: 'रिप्रोड्यूस होत नाही. क्लोज्ड.'

त्याच्यावर माझा राग नाही. त्याचं काम तेच आहे.

पण मोटरहोम आता त्याच्या घरापुढच्या ड्राइव्हवेमध्ये उभं आहे. नैनाला ते फार आवडतं. शाळेतून आली की पहिली त्याच्याकडे धावते. म्हणून मी ती घरी यायच्या आत बंकवर जाऊन पडतो. हिमानी म्हणते, अजून थोडे दिवस एकटं राहू दे त्यांना. कॉलनीच्या असोसिएशनची नोटीसही आली आहे, की ड्राइव्हवेत वाहन ठेवू नये आणि वाहनात आजोबा तर मुळीच ठेवू नयेत. दुसरा भाग नोटिशीत नाही, मी घातला.

रोज तीनदा वाजतं. मी उत्तर देत नाही.

मी तिथे असलो की नैनाला काही ऐकू येत नाही. हे मी दोनदा विचारून घेतलं आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी माझा मुक्काम संपतो. शंतनू गाडी विकायला तयार नाही. म्हणतो, बाबा, तुमची आठवण आहे ती. मी नागपूरला गेलो की बंकवर नैना असेल. मी मुदत वाढवून मागितली आहे. फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता. मी 'कौटुंबिक' लिहिलं.

मानवजातीला उत्तर देतो म्हणालो होतो, ते एवढंच आहे.

दरम्यान, पुण्या-नागपूरकडून कुणी ईडन प्रेरीला येणार असेल, तर गुडघ्यांना चोळायच्या तेलाची एक बाटली आणावी. लाल झाकणाची. हिरव्याने काही होत नाही.