तीन बोटांचा मुटका

साळूबाईचं जन्मभर एकच गाऱ्हाणं राहिलं, आपलं कुणी खरं मानलं नाही. सासूनं नाही, पोलीस पाटलानं नाही, पाणवठ्यावरच्या एका बाईनंसुद्धा नाही. साळू तोंडाची फटकळ होती, भांडणात कुणाला हार जायची नाही, पण खोटं तिनं कधी सांगितलं नाही. तेव्हा वात जरा पुढं सारा आणि ऐका.

पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. साळूचा नवरा कडूबा लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होता. मोंढा बंद असला की शिवणा नदीवर गळ टाकून बसायचा. साळू त्याची दुसरी बायको. पहिली मनकर्णा. रझाकारांच्या धामधुमीत गाव रानात लपलं होतं, तेव्हा ती तापानं गेली. साळूचं लग्न लागलं त्याच दिवशी सासूनं, आशाबाईनं, तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक बांधला. शहागंजच्या सोनारानं घडवलेला, अंगठ्याच्या नखाएवढा, वर बाईची आकृती. हा सवतीचा टाक. दुसरेपणावर आलेल्या बाईनं तो घालायचाच. घास आधी त्याला दाखवायचा, मग आपण खायचा. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, मग आपण नेसायचं.

साळूला तो टाक इंगळासारखा पोळायचा. मेलेली बाई, पण घरातला पहिला घास तिचा. नवरा बोलायचा तोही साळूच्या तोंडाकडं बघून नाही, गळ्याकडं बघून. आणि त्यात गळाच्या कणकेचा काच. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर बडीशेप, हे मळून देणं घरच्या बाईचं काम. मनकर्णा मुठीत दाबून मुटके करायची. कडबा तोडताना तिची उजवी करंगळी गेली होती, म्हणून तिच्या मुटक्यावर तीनच बोटं उठायची. साळू मुद्दाम गोल गोळे वळायची. कडूबा रिकामी पिशवी खुंटीला अडकवत म्हणायचा, "तिच्या हाताला मासा यायचा." एवढंच. पण त्या एवढ्यावर साळू दोन दिवस भांडी आपटायची.

मग मोंढ्यातल्या फकिरा हमालानं कडूबाला नवी जागा सांगितली. रेल्वेच्या पुलाच्या खालच्या अंगाला दोन कोसांवर नदी वळते, तिथला डोह. हातहातभर मासे, पण तिकडं कुणी फिरकत नाही. का फिरकत नाही, ते फकिराला ठाऊक नव्हतं.

अनोळखी पाण्याची कडूबाच्या घरात एक रीत होती. पहिला गोळा बिनगळाचा सोडायचा आणि कणीक कुणाच्या हातची ते नदीला सांगायचं. साळूच्या डोक्यात तिथंच किडा वळवळला. पहाटे कणीक मळताना तिनं गळ्यातला दोरा तोडला, टाक एका गोळ्यात घातला आणि तो डब्यात वरच ठेवला. एकदा नदीनं नेला की सुटले. कुणी विचारलं तर रानात दोरा तुटला म्हणायचं. घरचं आवरून, भाकरी बांधून तीही नवऱ्यासंगं निघाली. तो गोळा बुडताना तिला डोळ्यानं बघायचा होता.

डोहावर पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वैशाखातली दुपार, पण काठावर होला घुमत नव्हता, किडा किरकिरत नव्हता. काळं पाणी, वर एक पान नाही. आणि वास शेवाळाचा नव्हता, भिजलेल्या बडीशेपेचा होता. साळूनं डबा चाचपला. झाकण घट्ट होतं.

कडूबानं वरचा गोळा घेतला. "साळूच्या हातचं हाय, गोड मानून घे," म्हणाला आणि सोडला. गोळा पडला, पण आवाज झाला नाही. मग पाण्यावर तरंग उठले, आणि ते बाहेर पसरायच्या ऐवजी काठाकडून आत, आत गेले आणि मिटले.

साळूनं गळ्यावरून हात फिरवला. मान हलकी लागत होती. हसूच आलं तिला.

मग मासा लागला. एक, दुसरा, तिसरा. कडूबा पोरासारखा खुलला. "आज झ्याक मळलीस कणीक," म्हणाला, आणि साळूच्या छातीत ऊब भरली. तीन वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "अगदी तिच्यावानी."

ती ऊब जिथल्या तिथं गोठली. तिनं तिसऱ्या माशाच्या तोंडात बोट घालून गोळा काढला. चावलेला नव्हता, विरघळलेला नव्हता. आणि गोल नव्हता. मुटका होता. वर तीन बोटं. तिनं डबा उघडला. आतले सगळेच मुटके, ओले.

"अवं," ती हळू म्हणाली, "उठा. घरी चला."

कडूबानं मान वळवली, पण तिच्याकडं नाही. पाण्याकडं. "आलो," म्हणाला. जेवायला बोलावल्यावर म्हणतात, तसं.

"कुणाला म्हणता... मी हितं हाय."

तो उतरला. गुडघा, मांडी, कंबर. साळू धावली आणि उजव्या हातानं त्याच्या धोतराचा सोगा पकडला. पलीकडून ओढ होती. मोटेची असते तशी, सबुरीची, न थांबणारी. "सोड त्याला," साळू दात खाऊन म्हणाली. "माझा हाय तो. तुझं संपलं." करंगळीतून थंडगार कळ गेली आणि ते बोट काठीसारखं ताठ झालं, पण तिनं मूठ सोडली नाही. ओढून काठावर आणला त्याला. कडूबानं तिच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "तू कोण गं बाई?"

घरी आल्यावर साळूनं सासूला सगळं सांगितलं. टाक गोळ्यात घातला हेही लपवलं नाही. आशाबाईनं चुलीपुढून मान वर केली. "काहीबाही बरळू नकोस. टाक तुझ्या गळ्यात हाय."

होता. काळा दोरा, गाठ तशीच. दोऱ्यातून पाणी ठिबकत होतं.

साळूनं तो तीनदा तोडला. एकदा आडात टाकला, एकदा उकिरड्यात पुरला, एकदा चुलीत घातला. दर वेळी पदर सावरताना हाताला गार लागायचा. करंगळी वाकायची बंद झाली ती झालीच. आणि कडूबा मोंढ्यात मापं टाकता टाकता मध्येच थांबून "आलो" म्हणायचा. साळूनं त्याला डोळ्याआड होऊ दिलं नाही. गळ मोडून टाकला, कणीक मळायची सोडली. फक्त एक दिवस दुपारी सरपण आणायला गेली, तेवढ्यात तो गेला.

दोन दिवस माणसांनी डोह ढवळला. कडूबा सापडला नाही. काठावर त्याचा रुमाल घडी करून ठेवलेला होता, शेजारी कणकेचा डबा.

पोलीस पाटील आप्पासाहेब डबा घेऊन कडूबाच्या ओट्यावर बसले. माणसं जमली. बायको भांडकुदळ म्हणून माणूस जिवाला कंटाळला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. साळू मधोमध उभी राहिली. तिनं डबा उघडला आणि आतला एकच मुटका सगळ्यांपुढं धरला. बोटं मोजा, म्हणाली. ही कुणाच्या हातची कणीक, ते या घरात सगळ्यांना ठाऊक हाय. तिनं नेला त्याला. मी नाही.

आशाबाई आत गेली, परातीत पीठ भिजवून आणलं आणि साळूपुढं ठेवलं. "दाब," म्हणाली.

साळूनं पीठ मुठीत घेतलं, दाबलं, हात उघडला. ताठ करंगळी बाहेरच राहिली होती. मुटक्यावर बोटं उठली तीन.

माणसांत कुजबुज झाली. आप्पासाहेबांनी तोंड फिरवलं. पण म्हातारी त्यांच्याकडं बघत नव्हती. तिनं दोन्ही मुटके शेजारी शेजारी ठेवून बघितले, नाकाशी नेऊन वास घेतला. मग साळूची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, आणि लांबच्या गावाहून कैक वर्षांनी आलेल्या माणसाकडं बघावं तसं बघत राहिली. साळूच्या गळ्यातला टाक भर उन्हात ओट्यावर टिपटिप गळत होता.

"कुठं ठेवलंस गं माझ्या लेकराला," म्हातारी हळू म्हणाली, "मनकर्णे..."