नंबर नसलेला कॅमेरा

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण चैत्रासमोर हसू नका. बनशंकरीत आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर ती राहते. गेल्या आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, भर दुपारी, तिच्या ऑफिसात हे घडलं.

तिची कंपनी पाळणाघरांसाठी वेबसाइट चालवायची. आईबापांनी कामावरून आपलं मूल कॅमेऱ्यात बघायचं. साइटमधली भोकं शोधणं हे चैत्राचं काम. आणि भलंमोठं भोक तिला सापडलं होतं. साइटच्या पत्त्यात कॅमेऱ्याचा नंबर बदलला, की कुणाचंही मूल दिसायचं. तुम्ही त्या मुलाचे कोण, हे साइट विचारतच नव्हती.

चैत्राची तान्ही लेक इंचरा अशाच एका पाळणाघरात होती.

साहेबांना, जगदीशना, सांगून सांगून ती थकली. त्यांनी पडद्यावरून नंबर तेवढा लपवला.

"सर, लपवून काय होतं? येईल तो नंबर आपण डोळे झाकून खरा मानतोय."

"कोण बघत बसलंय, चैत्रम्मा!"

ते स्वतःच बघत बसायचे.

त्या दिवशी पूजा झाली. कॉम्प्युटरांना कुंकू लागलं, दारात कोहळा फोडला. आता उद्यापर्यंत अवजारांना हात लावायचा नाही. जगदीशनी मात्र एक मशीन चालूच ठेवलं. चुरमुरे तोंडात कोंबत, चिकट बोटांनी ते लपवलेला नंबर साइटच्या आतून बदलत होते.

पडद्यावर कुणी अनोळखी बाई बाळाला पाजत होती...

जगदीश खिदळले. ओठांवर लाळ, लाळेत चुरमुरे. चैत्राला त्यांची शिसारी आली.

"बंद करा, सर. लाज वाटू द्या."

"कुणाला कळतंय गं?"

मग गंमत म्हणून त्यांनी नंबर पुसूनच टाकला. जागा रिकामी सोडून बटण दाबलं.

काहीच उघडायला नको होतं...

उघडलं.

आधी अंधार. मग ओला आवाज. चप्... चप्...

कुणीतरी आतून काच चाटत होतं.

सडक्या कोहळ्याचा भपकारा आला. दारातला कोहळा तर आत्ताच फोडलेला.

काच पुसली गेली. पाळणा दिसला. पिवळं दुपटं...

इंचरा!

पाळण्यावर कुणीतरी पाठमोरं वाकलं होतं. स्पीकरमधून जगदीशचा आवाज आला, "कुणाला कळतंय गं?"

जगदीश शेजारीच बसले होते. तोंड चुरमुऱ्यांनी गच्च, मिटलेलं.

चैत्राने वायर उपटली. पडदा विझला.

चप् चप् चालूच राहिलं...

ती पळत पाळणाघर गाठून आत शिरली. इंचरा शांत झोपली होती, शेजारी आया बसली होती.

"रुक्कम्मा, आत्ता कॅमेऱ्यात कोण होतं?"

"कॅमेऱ्यात? अगं अक्का, पूजेला कॅमेरेच उतरवलेत सकाळी. ते बघ, कुंकू लावून देवापुढे ठेवलेत."

इंचराचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत ओला होता. चिकट. त्याला तोच वास... आणि एक चुरमुरा चिकटलेला.

चैत्राने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. साइट चालू आहे. भोकही तसंच आहे.

इंचरा आता चालते. खेळता खेळता मध्येच थांबते, छताच्या कोपऱ्याकडे बघते...

आणि बाहीने गाल पुसते.

आम्ही कुणी वर बघत नाही.