शंभराच्या खाली

गनीभाईचा घड्याळावर काडीचा विश्वास नव्हता. मोटारीतल्या घड्याळावर म्हणतोय मी, इंजिनातलं पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या. काटा हलायच्या आत त्याचा तळहात सांगायचा. नगरला माळीवाडा वेशीजवळ त्याची पत्र्याची शेड होती, आणि वीस वर्षांत तो तळहात एकदाही चुकला नव्हता.

सेहेचाळीसच्या चैत्रात शेवगावच्या आप्पासाहेबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली मोटार त्याच्याकडे आणून लावली. तक्रार एकच, गाडी नुसती उभी असली तरी काटा चढतो. आठवड्यानं येतो म्हणाले आणि गेले.

गनीभाईनं रेडिएटर धुतला, पंख्याचा पट्टा ताणला, पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनावर हात ठेवला तर ते थंडगार, आणि काटा एकशे दोनवर. मग त्यानं घड्याळच उपसून बाकावर ठेवलं. काचेमागे शंभरापासून दोनशे वीसपर्यंत फॅरनहाइटचे आकडे, पाठीमागून निघालेली तांब्याची बारीक नळी, तिच्या टोकाला पितळेची बोंडी. ती बोंडी इंजिनातल्या पाण्यात बुडलेली असते, पाणी तापलं की काटा चढतो. आता ती कशातच नव्हती. काटा आपला एकशे दोनवर.

अशा वेळची परीक्षा ठरलेली. बोंडी उकळत्या पाण्यात बुडवायची, काटा दोनशे बारावर गेला तर घड्याळ खरं. त्यानं स्टोव्हवर पाणी ठेवलं, उकळी फुटल्यावर, बुडवायच्या आधी, बोंडी वाफेच्या वितभर वर धरली. काटा एकशे चारवर आला, तेवढ्यात कडूबाई दारात उभी राहिली. ती त्याची शेजारीण, वेशीपाशी भाजी विकायला बसायची.

"गनीभाई, घरी चला. सुरय्याला सकाळधरनं कणकण हुती, आत्ता एकदम ताप भडकलाय."

बोंडी बाकावर टाकून तो धावला. सुरय्या त्याची लेक, सहा वर्षांची. तिच्या आधीची दोन लेकरं त्याच्या बायकोनं, रोशनबीनं, मातीला दिली होती, आता हे एकच उरलेलं. डॉक्टरांनी काखेतली नळी काढून उजेडात धरली आणि एकशे चार म्हणाले. मुदतीचा ताप दिसतो, उतरला तर पोर हाती लागेल, असंही म्हणाले.

एकशे चार. आकड्यांचं काय, जुळतात कधीतरी. रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलताना गनीभाईनं स्वतःला हेच बजावलं. पण तो आकडा मनातून जाईना, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, डॉक्टर एकशे पाच सांगून गेल्यावर, तो शेडकडे गेला.

बाकावरचा काटा एकशे पाचवर होता.

गनीभाईनं काचेवर टिचकी मारली, काटा तिथंच. ताईत-गंडे बांधणाऱ्यांची आयुष्यभर टिंगल केलेला माणूस तो! पण बुडत्याला काडीचा आधार. त्यानं फडकं भिजवून बोंडीला गुंडाळलं. काटा एकशे चार झाला. मग तीन. तासाभरानं कडूबाई भाजीची पाटी घेऊन आली, तिचे डोळे भरले होते. पोरीनं डोळे उघडले होते, पाणी मागितलं होतं.

ती गेली आणि गनीभाई हमसून हमसून रडला.

उन्हाच्या झळांनी फडकं वाळलं. काटा पुन्हा चढायला लागला. त्यानं ते परत भिजवलं, परत वाळलं. किती वेळ पुरणार हे?

कोपऱ्यात माठ होता. त्यात त्यानं चार दिवसांपूर्वीच वाळ्याची जुडी टाकली होती, तेवढीच त्याची चैन. घड्याळ माठाशेजारी ठेवून त्यानं बोंडी आत सोडली.

काटा भराभर उतरला. एकशे दोन, एक, शंभर. शंभराच्या खाली एक खुंटी असते, तिला टेकून तो थांबला. काटा खुंटीला टेकला म्हणजे इंजिन गार, काळजी मिटली. त्याच्या धंद्यात हेच शिकवतात.

तो समोर बसून राहिला. काटा हलला नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यानं भाकरी खाल्ली.

खुंटीच्या खाली किती, ते हे घड्याळ सांगत नाही. हे त्याला वीस वर्षं ठाऊक होतं.

उतरत्या दुपारची, असरची अजान झाल्यावर तो घरी गेला. दार उघडंच होतं. रोशनबी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती.

"ताप उतरला," ती म्हणाली. "मग उतरतच गेला."

गनीभाईनं सुरय्याच्या कपाळावर तळहात ठेवला. तो तळहात या वेळीही चुकला नाही.

"डोक्यावर पाणी कोणी घातलं?" त्यानं विचारलं.

रोशनबीनं मान हलवली. कोणीच नाही.

पोरीचे केस मुळापर्यंत ओले होते. तो खाली वाकला. केसांना वाळ्याचा वास येत होता.