मंडईस मनाई नाही

फाटलेला हुकूम कचेरीच्या भिंतीवर पुन्हा डकवणाऱ्या त्या माणसाच्या बोटांना खळ लागली होती, आणि त्याच बोटांनी तो चष्मा वर सारत होता. मला हसूच फुटलं. खरं तर मी भांडायला आले होते!

एकावन्न साली गोंदियात देवीची साथ आली, तेव्हाची ही गोष्ट. हुकुमात लिहिलं होतं, सभा, प्रार्थना यांसाठी लोक जमवू नयेत; मात्र मंडईस मनाई नाही. आमच्या चर्चला कुलूप लागलं. माझे बाबा, केवलराम मास्तर, तिथे प्रार्थना चालवत. नाताळ महिन्यावर आला होता.

"बाबू, हे तुमी लिवलं?"

"मूळ इंग्रजी साहेबांचं, भाषांतर माझं. मी आढाव. नगरहून आलोय, दोन महिने झाले."

"मंग सांगा, मंडई चालू आन् आमची प्रार्थना बंद, काऊन?"

"मंडई बंद केली तर लोक खातील काय?"

"मंडईत कोन खाते? रातभर दंडार पायतेत लोकं!"

"रात्रभर… नाटक? भाजी घेताना?"

"भाजी गुजरीत भेटते, बाबू! मंडई म्हंजे दिवाळीनंतरची जत्रा. पाहुने येतेत, पोरींसाठी पोरं पायतेत…" हे शेवटचं मी कशाला बोलले, देव जाणे!

तो पांढराफटक पडला. साहेबांच्या 'मार्केट'चं त्याने 'मंडई' केलं होतं. नागऱ्याला, फुलचूरला हजार-हजार माणसांची मंडई भरून गेली होती, आणि पोलीस हाच कागद वाचून गप्प बसले होते.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या अंगणात हजर. "साहेबांना चूक सांगितली. म्हणाले, राहू दे. मंडया थांबवल्या तर गावं बिथरतील. तुमचे लोक थोडके, ते काय करणार?"

बाबांनी नागपूरच्या हायकोर्टात अर्ज केलाच होता. अंगणात बसलेले आमचे वकील म्हणाले, "साहेबांचं हे बोलणं यांनी शपथेवर लिहून दिलं, तर आपण जिंकलो." सगळे आढावकडे बघू लागले. तो माझ्याकडे बघू लागला… मी कोंबड्यांकडे.

मग तो रोज येऊ लागला. शब्द विचारायला म्हणे!

"'काऊन' म्हणजे 'का'?"

"हो."

"आणि 'कायले'?"

"ते बी 'का'च."

"एकाला दोन?"

"आमाले लय विचारा लागते, बाबू."

तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "लिहून दिलं तर नोकरी जाईल, प्रेमिला."

"मले मालूम हाय. म्हनूनच मी मांगून नाई राहिली."

चर्चही हवं होतं, आणि हा माणूसही गोंदियात हवा होता.

नागपूरच्या कोर्टात वकील वाचू लागले, "मी, मनोहर येशुदास आढाव, शपथेवर लिहून देतो…"

बाबांनी माझा दंडच धरला. "येशुदास? हा तं आपलाच व!"

बाहेर आल्यावर मी त्याला चांगलंच धारेवर धरलं. "सांगितलं काऊन नाई?"

"ज्या हाताने चर्च बंद केलं… कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

कोर्ट म्हणालं, मंडईला मोकळीक आणि प्रार्थनेला कुलूप, हा न्याय नव्हे. देवी टोचलेल्या चाळीस जणांना आत बसू द्या. त्याच आठवड्यात आढावला नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं.

नाताळच्या सकाळी दारात शिपाई माणसं मोजत होता. चाळिसावी मी. माझ्यामागे आढाव, आणि त्याच्यामागे काठी टेकत आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या सुशिलाबाई.

"तुमी जा आत. तुमच्यानंच उघडलं."

"तू जा. मी तर आत्ताच्या गाडीने नगरला जाणार होतो. ट्रंक भरून ठेवली आहे."

"मंग गेले काऊन नाई?"

"तू इथे आहेस… म्हणून."

मी रांगेतून बाजूला झाले. "शिपाईदादा, माह्या जागी या बाईले घ्या."

आम्ही दोघं खिडकीबाहेर उभे राहिलो. आत गाणं सुरू झालं. तोही गात होता, अगदी बेसूर. मला इतका आवडला, इतका आवडला की राहवेना.

"मले तुमी आवडता!"

"काय? ऐकू येत नाही!"

"म्हनलं, बाबाले विचारा!" मी ओरडले, आणि नेमकं तेव्हाच कडवं संपलं.

चाळीस माना खिडकीकडे वळल्या. बाबांनी पुस्तकातून डोळे वर केले.

"पयले प्रार्थना होऊ द्या, बाबू," ते म्हणाले. "मंग विचारजा."