लाल रेघ, पूर्ण सही

तो पहिल्यांदा आला तेव्हा माझ्याशी नव्हे, माझ्या कपाटाशी बोलला.

"नमस्कार करतो, बाई. माजा कागुद हितं हाय म्हनं."

कपाट लोखंडी, हिरवं. त्याच्या शेजारी टेबलामागं मी, हिरव्याच पातळात.

"कपाट उत्तर देत नसतं," मी म्हटलं. "बाई इकडं आहे."

तो वळला. लाजला मात्र नाही. "दोन हिरवी दिसली. त्यातलं कंचं बोलतंय, ते आत्ता कळलं."

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. भोरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी रेकॉर्डची कारकून होते. डॉक्टरांनी लिहिलेल्या रोगापुढं जाड इंग्रजी पुस्तकातला आकडा मांडायचा, एवढंच काम. वेल्ह्याचा खोकला असो की विलायतेचा, आकडा एकच. नियमही साधा : एका कागदाला एक आकडा, आणि तो मूळ कारणाचा, वरवरच्या खुणेचा नव्हे. माणसं माझ्याकडं येत नसत, त्यांचे कागद येत. दोन तालुक्यांत कुणाला काय झालंय ते मला ठाऊक होतं. मला काय होतंय, ते विचारणारं कुणी नव्हतं.

त्याचं नाव सोपान. भाटघरच्या धरणावर रोज सकाळी पट्टी वाचून पाण्याची पातळी लिहायची, ही त्याची नोकरी. डावा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उजव्यात भाताचं कुसळ गेलं आणि बुबुळ पांढरं झालं. मग पुण्यात त्या बुबुळावर एका मेलेल्या माणसाचा पडदा बसवला. आठ महिने लख्ख दिसलं... आणि आता पुन्हा धुकं.

"दाखला पायजे. खात्यात द्यायचाय."

मी डॉक्टरांचा कागद पुढ्यात घेतला, पुस्तक उघडलं, आकडा मांडला, शिक्का मारला. तेवढ्यात तो म्हणाला, "शिक्का लई रागानं मारता. कुनावर राग?"

"शाई वाळलीय म्हणून."

"मंग बरं. मला वाटलं माज्यावरच."

त्या क्षणी माझं लक्ष कागदावर किती होतं, ते आता खरं सांगते... निम्मं.

मग तो दर सोमवारी येऊ लागला. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शन देत. भाटघरची एसटी दोन वाजता, तोवर तो माझ्या खोलीतल्या बाकावर बसे. आल्या आल्या पातळी सांगे. "ह्या आठवड्यात दीड फूट उतरलं, बाई." जसं काही धरण माझ्याच नावावर होतं! पट्टी आता शेजारचा गेनबा वाचायचा आणि हा नुसता लिहायचा, हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं.

दवाखान्यातल्या आया साळूबाई फडकं मारता मारता म्हणाल्या, "सोमवारचाच बरा बकुळी माळायचा वार येतो गं तुजा!"

"त्यांना कुठं दिसतोय गजरा?"

"वास येतो की," बाकावरून आवाज आला.

साळूबाई तोंडाला पदर लावून निघून गेल्या. मी पुस्तकात डोकं घातलं. पुस्तक उलटं होतं.

एका सोमवारी त्यानं विचारलं, "आट म्हैनं डोळ्यात नांदला की वो पडदा. मंग आत्ताच का भांडन?"

"शरीराला तो परका वाटतो. ओळखलं, की ते बाहेर काढू बघतं. डॉक्टरांनी असंच सांगितलं."

"म्हंजी पडदा खराब न्हवता?"

"नाही. चांगला होता. फक्त... घेतला नाही."

मी जरा जास्तच हळू बोलले असेन. तो थांबला. मग म्हणाला, "तुमी किती म्हैनं होता?"

मी कुणाला सांगितलं नव्हतं. भोरात सांगावं लागत नाही. सासर किकवीचं. तिथून बापानं मला परत आणली, तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी माझ्यापुढं एकच शब्द : टाकलेली.

"अकरा," मी म्हटलं.

"तीन जास्तच की माज्यापरीस."

आम्ही दोघंही हसलो. तो गेल्यावर मात्र बाकाकडं बघवेना. सहा दिवस ते बाक नुसतं लाकूड असे.

मार्चात तो सोमवार सोडून बुधवारी आला. हातात खात्याचा लिफाफा.

"वाचा. गेनबाला न्हाई दाखवला."

मी वाचू लागले. 'सोबतच्या वैद्यकीय दाखल्यानुसार बुबुळावरील डाग जुना व कायमचा असल्याने...' पुढचं मी मनातच वाचलं. एक तारखेपासून त्याला कामावरून कमी केलं होतं. सोबत दाखल्याची नक्कल. आकडा माझ्या अक्षरात.

मी कपाटातून मूळ कागद काढला. डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं : बसवलेला पडदा शरीराने नाकारला, त्यामुळे धूसर. मी 'धूसर' तेवढं बघून जुन्या डागाचा आकडा दिला होता. खूण धरली, कारण सोडलं. खरा आकडा दुसऱ्याच प्रकरणात, शस्त्रक्रियेनंतरच्या बिघाडांत होता. तो असता तर खात्यानं उपचाराची रजा दिली असती, दुसऱ्या पडद्यासाठी पुण्यात नाव लागलं असतं.

त्याला दिसत नव्हतं. मी गप्प बसले असते तर जगात कुणाला कळलं नसतं. माझी नोकरी हंगामी. वर्षात तीन दुरुस्त्या झाल्या की ट्रस्टचे सेक्रेटरी मुदत वाढवत नसत, आणि दोन होऊन गेल्या होत्या. शिवाय दुरुस्ती केली की तो पुण्याला जाणार. बाकाचा सोमवारही जाणार.

"झालं का वाचून?"

"सोपानराव... हा आकडा चुकलाय. माझ्या हातून."

त्यानं हात पुढं करून टेबलावरचा कागद चाचपला. बाहेर कुणाचं तरी तान्हं रडत होतं.

"मंग तुमच्याच हातानं खोडा," तो म्हणाला.

"खोडता येत नाही. नियम आहे. चुकलेल्यावर एक लाल रेघ, पण खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर आकडा. शेजारी कारण आणि पूर्ण सही."

"करा. आन् मोट्यानं वाचत करा."

मी रेघ मारली. वर आकडा लिहिला. "कारण : मूळ कारणाऐवजी खूण धरली," मी वाचलं. "सही : रतन चिमाजी साळेकर."

"चिमाजी कोन?"

"वडील."

"फुडं दुसरं नाव न्हाई?"

"होतं. परत दिलं."

त्याचा धुकट डोळा अगदी नीट माझ्यावर येऊन थांबला, कपाटावर नाही. "रतन," तो म्हणाला. मग घाईनं, "...बाई."

डॉक्टरांनी खाली सही केली. खात्याला मी स्वतः पत्र लिहिलं. रजा मंजूर झाली, पुण्याच्या यादीत नाव लागलं. सेक्रेटरींनी मला बोलावून पाऊण तास ऐकवलं, पण चूक मी स्वतः दाखवली म्हणून काढलं नाही; वर्षाऐवजी सहाच महिन्यांची मुदत दिली. सोपान एप्रिलात गेला. निघताना फक्त एवढंच म्हणाला, "पातळी इचारत जावा गेनबाला."

मी विचारत नसे. कुणासाठी विचारायची? सोमवारी बकुळी माळत होते, सवयीनं. साळूबाई आता चिडवत नव्हत्या, आणि तेच जास्त लागे. पुण्याला पाठवलेल्या आमच्या रोग्यांच्या याद्या येत, त्या मी आधी शेवटून बघायची; शस्त्रक्रियेनंतरचे बिघाड तिथं असत. पडदा पुन्हा नाकारला असेल, तर तो आकडा मला लांबूनही ओळखू आला असता.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. अक्षरं मोठी, उतारावरून घसरल्यासारखी. पण कुणा दुसऱ्याची नव्हती.

'धरण भरलं. आज पट्टी माझी मी वाचली. गेनबानं दोनदा तपासली, बरोबर निघाली.'

एवढाच मजकूर. मी कार्ड ठेवणार, इतक्यात वर लक्ष गेलं. मायना लिहिला होता 'सौ. रतनबाई'. त्यावर एक लाल रेघ. अगदी नियमाप्रमाणं, खालचं वाचता येईल अशी. रेघेवर नुसतं 'रतन'. शेजारी पूर्ण सही : सोपान रखमाजी कुडले.

आणि कारणाच्या जागी, 'समक्ष सांगीन. सोमवारी.'

त्या दिवशी गुरुवार होता. शुक्रवार, शनिवार, रविवार... मी बोटांवर मोजले. मग उठले आणि ओल्या फडक्यानं ते बाक पुसून घेतलं.