एक, दोन, दोन, फुंक

मानेखाली द्यायची छोटी उशी शिवून झाली, तशा सिस्टरबाई भर दुपारीच ती द्यायला निघाल्या. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच व्यसनं: शिवण आणि त्या पोराचं घर. पाच वर्षांपूर्वी ते पोर जन्मताच त्यांच्या हातात आलं होतं, निळंशार, निपचित. जन्मताना ऑक्सिजन कमी पडला आणि मेंदूला कायमची इजा झाली. हातपाय ताठ, मान डुगडुगती. हसू मात्र घरभर.

"बरं झालं आलात," आईने दारातच हात धरला. "आमचे साहेब आकडे म्हणायला लागलेत! डॉक्टर म्हणायचे, बोलणारच नाही. ऐका तर!"

पट्ट्यांच्या खुर्चीतल्या पोराने मोठ्या कष्टाने तोंड उघडलं. "एक... दोन... दोन... फुं."

"तीन काही येत नाही लबाडाला. आणि ते फुं कुठून काढलंय, कोण जाणे!" आई हसत चहा टाकायला आत गेली.

सिस्टरबाईंच्या अंगावर सरकन काटा आला. बाळ श्वास घेत नसलं की तीनदा छाती दाबायची, मग एक फुंक. मोजायचं मोठ्याने. त्या दिवशी त्यांची बोबडी वळली होती. दाबत होत्या तीनदाच, पण तोंडून 'तीन'च्या जागी दर खेपेला 'दोन'च. हवा देणाऱ्या डॉक्टरांच्या ते घाईत लक्षातही आलं नाही. पुढे त्यांनी ही चूक कुणाला सांगितली नाही. आणि बाळ तर तेव्हा...

"कुणी शिकवलं रे तुला हे, राजा?"

त्याने त्यांचं बोट मुठीत धरलं. खोलीत छान ऊन होतं, आत आधण उकळत होतं. तो त्यांच्याकडे बघून गोड हसला.

"सोडू?"

हा शब्द मात्र त्या मोठ्याने बोलल्याच नव्हत्या. नवव्या मिनिटाला, छाती दाबून दाबून अंगठे भरून आले तेव्हा, नुसता मनात आला होता. त्याची लाज त्या पाच वर्षं बाळगून होत्या.

पोराची छाती हलत नव्हती. तो हसतच होता, उत्तराची वाट बघत. ओठ निळसर होऊ लागले...

"नको," त्या कुजबुजल्या. "नको रे बाळा... नको सोडूस."

तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला. सिस्टरबाईंचा जीव भांड्यात पडला.

आई कप घेऊन बाहेर आली. "आज खरंच आलात म्हणायच्या! रोज या वेळेला तुमचं 'नको, नको' ऐकू येतं मला. धावत येते, तर इथे तुम्ही नसताच."