मुळगावचे चार पांढरे फिल्टर

म्हापशाच्या बसस्टँडसमोर, चपलांच्या दुकानावर देवकी शिरोडकरांचं ऑफिस होतं. बावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यावर त्यांनी खाजगी तपासाची पाटी लावली होती. मदतीला गौरेश असायचा. तो एरवी एका दैनिकाचा डिचोलीचा वार्ताहर.

शुक्रवारी, खाली बाजाराचा गलका चालू असताना डॉक्टर तनया वर आली आणि तिने चार चपट्या गोल डब्या मेजावर मांडल्या.

"हे फिल्टर मुळगावचे नव्हेत," ती म्हणाली. "पण ते सिद्ध कसं करू?"

तनया हवेतल्या धुळीचा आणि, गावकऱ्यांना नळीत फुंकायला लावून, त्यांच्या फुप्फुसांचा अभ्यास करत होती. मुळगावात लोखंडाच्या खाणीच्या रस्त्यालगत, शंभू गावस यांच्या गच्चीवर तिचं एक यंत्र होतं. दुसरं तेरेखोलला, शंभूंच्या बहिणीच्या गच्चीवर. तिथे खाण नाही, नुसता समुद्र, म्हणून तुलनेसाठी. दोन्ही यंत्रं दर गुरुवारी सकाळी चालू व्हायची आणि चोवीस तास पांढऱ्या फिल्टरमधून हवा ओढायची.

"डिसेंबरात मुळगावचा फिल्टर लाल व्हायचा. गेले चार आठवडे हा असा. म्हणून काल यंत्रं चालवलीच नाहीत."

"डिसेंबरात मीच बातमी केली होती," गौरेश उत्साहाने म्हणाला. "'चोविशीतल्या मुलीची फुप्फुसं साठीची!' नाव छापलं नाही हं. फक्त वय, गाव आणि ब्युटी पार्लर चालवते एवढंच."

त्या बातमीचं संपादकांनी कौतुक केलं होतं. तनयाने मात्र त्याच्याकडे बघितलं नाही. एका कार्यक्रमात चहा घेताना ती जे सहज बोलून गेली होती, तेच त्याने छापलं होतं.

देवकीताईंनी भिंग लावलं. "कडेला दोन बारीक टोचे आहेत. चारही फिल्टरना. आणि वजन?"

"तेच विचित्र. दमट दिवशी वजन वाढतं, कोरड्या दिवशी उतरतं. मुळगावच्या आधीच्या फिल्टरचं असं होत नव्हतं."

"मिठाच्या बरणीसारखं," देवकीताई पुटपुटल्या. गौरेशला त्यात काही विशेष वाटलं नाही.

*

त्याच दुपारी मुळगावात, शंभूंच्या घरी, पहिला भेटला अमोल. दोन्ही गावांतले फिल्टर बदलण्याचं काम त्याचं.

"शुक्रवारी सकाळी फिल्टर काढून डबीत घालतो. डबी इथल्याच फ्रिजमध्ये राहते. सोमवारी सगळ्या डब्या लॅबला नेतो. कोरे फिल्टरही फ्रिजमध्येच असतात."

"म्हणजे शुक्रवार ते सोमवार डबी या घरात. फिल्टर हाताने उचलतोस?"

"छे! बोटांच्या घामाचंसुद्धा वजन येतं." त्याने बॅगेच्या दोरीला बांधलेला प्लास्टिकचा चिमटा दाखवला. चपट्या, बोथट टोकांचा. "घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवलंय. सिद्धी तर शेजारी उभी राहून बघायची."

"तेरेखोलच्या यंत्रावरचा तासांचा मीटर बघतोस?"

अमोल चपापला. "महिन्याच्या सुरुवातीला शून्यावर आणला. मग नाही बघितला."

अंगणापलीकडच्या खोलीत विठ्ठल राहायचा. तेरेखोलशेजारच्या रेडीचा, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. शनिवारी गावी जाताना तो शंभूंनी दिलेली भाजी तेरेखोलला पोचवायचा. एवढं ऐकलं आणि गौरेशला वाटलं, गाठ सुटली. धूळ दिसली तर ट्रक बंद, ट्रक बंद तर याची नोकरी बंद!

"फ्रिजमधल्या डब्यांना हात तूच लावलास ना?" तो भर अंगणात ओरडला. "इथली पोरं खोकतात आणि तू पुरावा पुसतोस?"

शेजारीपाजारी कुंपणाशी गोळा झाले. विठ्ठलची बायको रेश्मा दारातच थिजली. विठ्ठलने ग्रीसने काळे झालेले हात पुढे केले.

"ह्या हातान? त्या पांढऱ्या कागदाक?" तो शांतपणे म्हणाला. "माजा ल्हान चेडूपण खोकता, साहेब. त्या नळीत पयलो मी फुंकलंय."

देवकीताईंनी गौरेशला दंडाला धरून बाजूला नेलं. "हात बघितलेस ना त्याचे? मग पुरे."

सिद्धी, शंभूंची मुलगी, घराच्या पुढच्या खोलीत बसली होती. तेच तिचं पार्लर. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. नवरीच्या कपाळावर लावायचे खडे ती टोकदार चिमट्याने कागदावर एकेक करून मांडत होती.

"लग्नसराईत गर्दी असेल?" देवकीताईंनी विचारलं.

"असायची." तिने गौरेशकडे बघितलं. "बातमी तुम्हीच लिहिलेली ना?"

"हो. पण नाव नव्हतं दिलं."

"नाव नव्हतं दिलं," ती म्हणाली आणि पुढचा खडा उचलला.

"शनिवार-रविवारी असतेस इथे?"

"आत्याकडे जाते. तेरेखोलला. ह्या खेपेला नाही."

*

दुसऱ्या दिवशी केरीहून फेरीबोटीने ते तेरेखोलला गेले. शंभूंची बहीण सुलोचना यांनी उंडे पाव आणि चहा पुढे केला.

"यंत्र? घूं घूं करता. कधी गुरुवारी, कधी शनिवारी. आमकां त्यातलं कितें कळता?"

देवकीताई गच्चीवर चढल्या. मीटरवर आकडा होता एकशे ब्याण्णव. चार गुरुवारांचे व्हायला हवेत शहाण्णव.

परतताना त्या एकच वाक्य बोलल्या. "गौरेश, उद्या तू बोलायचं नाहीस."

*

रविवारी दुपारी पार्लरचं दार आतून लावलेलं होतं. आत सिद्धी, तनया, देवकीताई आणि गौरेश. शंभूंना बोलावू का, असं तनयाने विचारलं तेव्हा देवकीताईंनी नकारार्थी मान हलवली.

"हे फिल्टर खोटे नाहीत," त्यांनी सुरुवात केली. "फक्त दुसऱ्या हवेचे आहेत. दमट दिवशी वजन वाढतं ते मिठामुळे. मीठ हवेतलं पाणी ओढतं. मुळगावच्या हवेत मीठ कुठलं? ते तेरेखोलचं. तिथला मीटर दुप्पट तास दाखवतो, म्हणजे गुरुवारनंतर दर आठवड्याला तिथे आणखी एक कोरा फिल्टर चालला. सुलोचनाबाईंनी वार सांगितला, शनिवार. तो फिल्टर सोमवारच्या आत इथल्या डबीत आला."

"तेरेखोलला जाणारे तिघं," तनया म्हणाली.

"हो. अमोलने केलं असतं, तर त्याच्या बोथट चिमट्याने टोचे उठले नसते. विठ्ठलच्या बोटांचे डाग पडले असते. हे काम करणाऱ्याला फिल्टरला हात लावायचा नसतो हे माहीत होतं, पण बोथट चिमटा त्याच्याकडे नव्हता. होता तो टोकदार."

सिद्धीने समोरचा चिमटा झाकण्याचा प्रयत्न केला नाही.

"का, ते मी सांगणार नाही," देवकीताई म्हणाल्या. "ते तुझं आहे."

सिद्धी उठली आणि ड्रॉवरमधून चार डब्या काढून तिने तनयाच्या हातात दिल्या. आत चार फिल्टर होते, विटकरी लाल.

"टाकवले नाहीत," ती म्हणाली. "ते खरे होते ना."

"सिद्धी, मी तुला म्हटलं होतं, कुणाला कळणार नाही," तनया म्हणाली. "आणि मीच चहा पिता पिता बोलले."

"मुळगावात पार्लर एकच, डॉक्टर. मांद्र्याहून मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी बातमी फोनवर दाखवली. म्हणाले, मुलगी चांगली, पण उद्या बाळंतपण झेपेल का? दुसऱ्या स्थळाने फोनच उचलला नाही. बाबांना वाटतं पत्रिका जुळली नाही." ती थांबली. "हवा चांगली दिसली असती, तर मीही चांगली दिसले असते. एवढंच डोक्यात होतं. विठ्ठलदादांवर आळ आला तेव्हा बाहेर येणार होते. पाय उचलला नाही."

नाव छापलं नाही, हे वाक्य गौरेश दोन महिने जिथे तिथे सांगत फिरला होता.

"मी माफी मागतो," तो कसाबसा म्हणाला. "पेपरात छापतो. पहिल्या पानावर."

"आणि लोक विचारतील, कोणाची माफी?" सिद्धीने त्याच्याकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. "नको. परत माझं नाव न घेता सगळे मलाच ओळखतील."

गौरेशने वही मिटून खिशात घातली.

तनयाने खरे फिल्टर पिशवीत ठेवले. अहवालात चार आठवड्यांची अदलाबदल लिहावी लागेल, ती म्हणाली. कोणी केली, ते लिहावं लागत नाही.

गौरेश बाहेर आला. अंगणात विठ्ठल टायरमधली हवा तपासत होता. रेश्मा गौरेशला बघून आत निघून गेली.

"विठ्ठलभाऊ, चुकलो मी," तो हळूच म्हणाला. "तुमचा काही संबंध नव्हता."

विठ्ठल उठला नाही. "आयकलंय. आता ह्याच जरा मोठ्यान सांगा. त्या दिवशी बोल्लात तेवढ्या मोठ्यान."

गौरेशने श्वास घेतला. "विठ्ठलभाऊंनी काही केलं नाही!" तो ओरडला. "मी खोटा आळ घेतला!"

कुंपणाशी माणसं आली. शंभू चष्मा सावरत पायरीवर आले.

"मग केलं कोणी तें?"

सगळे गौरेशकडे बघत होते. पार्लरच्या खिडकीआड कोणीतरी उभं होतं, हे त्याला न बघताही कळत होतं.

"माझ्यामुळे झालं," गौरेश म्हणाला. पुढे कोणी काही विचारलं असतं तर काय सांगायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो मान खाली घालून तिथेच उभा राहिला.